झवेरी बाजार ते वांद्रे : हिऱ्यांच्या पेठेकडून आपण काय शिकावे?

कापड खरेदीसाठी मुंबईला जाणारा कोकणातला प्रत्येक व्यापारी शेख मेमन स्ट्रीट ओळखतो. क्रॉफर्ड मार्केट मागे टाकून आत शिरले की डाव्या-उजव्या हाताला मंगलदास मार्केट, जामा मशीद, मूळजी जेठा मार्केट आणि तेथून पुढे मुंबादेवीच्या बाजूला झवेरी बाजार. आमच्या वालिदांच्या पिढीने रत्नागिरीहून आगबोटीने जाऊन येथे गाठी बांधल्या. आम्ही एस. टी. ने गेलो. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून मुले गाडीने जातात. परंतु आपण कापडवाले मूळजी जेठापर्यंत जातो, ताग्यांचे भाव विचारतो आणि परततो. पलीकडच्या गल्लीत कोणता व्यापार चालतो, तो कोणत्या रीतीने चालतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

वास्तविक व्यापार शिकायचा असेल तर त्या गल्लीसारखी शाळा नाही. तेथे लाखो रुपयांचा माल शर्टाच्या खिशात मावतो. त्याच्यावर छापील किंमत नसते. एक खडा दुसऱ्यासारखा नसतो. तरीही हा माल दिवसातून अनेक हात फिरतो आणि संध्याकाळी मूळ मालकाकडे किंवा त्याचा मोबदला होऊन परत येतो. हे कसे होते? आणि जेथे होत नाही, तेथे काय बिघडते? आजच्या लेखात या पेठेचा इतिहास, तिची रीत आणि तिच्यावर आज आलेला प्रसंग, असे तीन भाग पाहू.

आपलाही शेजार

प्रथम एक गोष्ट सांगणे जरूर आहे. हा मोहल्ला आपल्याला परका नाही. झवेरी बाजाराच्या तोंडाशी असलेली जामा मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. तिचे बांधकाम १७७५ च्या सुमारास सुरू झाले आणि १८०२ मध्ये पुरे झाले. ज्या जागेवर ती उभी आहे ती जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची होती. गोवा आणि कालिकतशी त्याचा व्यापार होता. तलाव बुजवायचा नाही, या अटीवर त्याने जागा दिली. म्हणून आजही मशिदीच्या पोटात पाणी आहे आणि तेथेच वजू होते. पुढे मुहम्मद अली रोगे या कोकणी नाखुदाने मशिदीच्या वाढीव बांधकामाचा भार उचलला. तेव्हा या पेठेच्या घडणीत कोकणच्या तिजारतीचाही हातभार आहे.

शब्दांकडे पाहिले तरी हेच दिसते. अरबीत ‘जौहर’ म्हणजे रत्न. त्यापासून उर्दूत जौहरी, आणि गुजराती-मराठीत झवेरी, जव्हेरी, जवाहीर. ‘दलाल’ शब्द अरबी आहे. ‘कारागीर’ फारसी आहे. हिऱ्याला उर्दूत ‘अलमास’ म्हणतात, तर ‘हिरा’ हा शब्द संस्कृत ‘हीरक’ वरून आला. बाजाराची भाषा अशी सर्वांची मिळून बनलेली असते, आणि बाजारही तसाच.

खाणीपासून मुंबईपर्यंत

अठराव्या शतकाच्या पहिल्या पाव भागापर्यंत जगाला हिरे मुख्यतः हिंदुस्थानातून मिळत. गोवळकोंड्याच्या कुतुबशाही मुलखातील कृष्णा नदीकाठची कोल्लूर खाण त्यांत प्रसिद्ध होती. गोवळकोंडा हे खाणीचे ठिकाण नव्हते, ती बाजारपेठ होती. परंतु नाव झाले ते बाजारपेठेचे. हा व्यापारातला पहिला धडा होय. माल कोठेही निघो, नाव त्या गावाचे होते जेथे त्याची पारख होते.

सन १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले आणि हिंदुस्थानची मक्तेदारी संपली. १८६७ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत हिरे मिळाले आणि १८८८ मध्ये डी बीअर्स कंपनी स्थापन झाली. कच्चा हिरा पुढे लंडनमधून वाटला जाऊ लागला. आपल्या देशात मोठी खाण म्हणण्यासारखी मध्य प्रदेशातील पन्ना एवढीच राहिली. म्हणजे ज्या देशाने जगाला हिरा दाखवला त्याच्या हातात माल उरला नाही. हातात राहिले ते हुन्नर आणि पारख. आजचा सगळा धंदा त्या दोन गोष्टींवर उभा आहे.

मुंबईत झवेऱ्यांची वस्ती मुंबादेवीच्या आसपास झाली. सुरतेचे महत्त्व कमी होऊन व्यापार मुंबईला सरकला, तसे गुजरातमधील सराफ, जव्हेरी आणि कापडवाले येथे आले. त्रिभोवनदास भीमजी झवेरी ही पेढी १८६४ ची. शेजारचे मूळजी जेठा मार्केट १८७४ चे. सोने, मोती, हिरा, कापूस आणि कापड हे सर्व पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर. ही रचना उगीच झालेली नाही. लग्नाचा बस्ता बांधायला आलेले गिऱ्हाईक दागिनाही घेते. एका धंद्याची गर्दी दुसऱ्याला पोसते.

हिऱ्याच्या व्यापारात मात्र एका गावाचे नाव सर्वांत पुढे आले. ते उत्तर गुजरातमधील पालनपूर. हे मुसलमान नवाबांचे छोटे संस्थान होते. तेथील जैन व्यापारी विसाव्या शतकाच्या आरंभापासून मुंबईत येऊन हिऱ्याच्या धंद्यात शिरले. नात्यातला मुलगा आणायचा, पेढीवर बसवायचा, पुड्या उघडायला-बांधायला लावायचे, आणि चार-पाच वर्षांनी त्याला स्वतंत्र करायचे, अशी त्यांची रीत. पुढे हेच लोक बेल्जियममधील अँटवर्पला गेले आणि यहुदी व्यापाऱ्यांच्या बरोबरीने उभे राहिले.

त्यांनी हे कसे साधले, हे लहान व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावे. अँटवर्प आणि इस्रायलचे कारागीर मोठ्या, स्वच्छ खड्यांवर काम करीत. बारीक, डाग असलेला, तपकिरी माल त्यांना परवडत नसे, कारण मजुरी मालापेक्षा जास्त होई. १९६० च्या दशकापासून हा टाकाऊ समजला जाणारा माल आपल्या लोकांनी घेतला आणि सुरत, नवसारीकडे पैलू पाडायला दिला. १९६६ मध्ये जवाहिरांच्या निर्यातीसाठी परिषद स्थापन झाली. निर्यात करणाऱ्याला कच्चा माल आणण्याची सवलत मिळाली. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील आर्गाईल खाणीचा बारीक आणि तपकिरी माल येऊ लागला, तोही येथेच घडला. परिणाम असा की आज जगातील दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना, नगाच्या हिशेबाने, भारतात पैलू पडतात. दुसऱ्याने नाकारलेल्या मालात ज्याला नफा दिसला, बाजार त्याचा झाला.

धनजी स्ट्रीट, ऑपेरा हाऊस, वांद्रे

हिऱ्याचा बाजार पूर्वी झवेरी बाजारातील धनजी स्ट्रीटवर भरत असे. भरत असे म्हणजे अक्षरशः रस्त्यावर. दलाल उभ्याउभ्या पुडी उघडत, दिवसाच्या उजेडात खडा पाहत, भाव करीत. निर्यात वाढली तशी जागा अपुरी पडली आणि १९७० च्या दशकापासून मोठ्या पेढ्या गिरगावजवळ ऑपेरा हाऊस भागात गेल्या. पंचरत्न आणि प्रसाद चेंबर्स ही त्या इमारतींची नावे पुढे हिऱ्याच्या धंद्याचीच नावे झाली. इमारती झाल्या तरी सवय सुटली नाही. संध्याकाळी दलालांची गर्दी त्या गल्लीतच उभी राही.

या गर्दीनेच मोठे घाव सोसले. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत झवेरी बाजार होता. २५ ऑगस्ट २००३ ला पुन्हा झवेरी बाजार. १३ जुलै २०११ च्या संध्याकाळी झवेरी बाजार आणि ऑपेरा हाऊस दोन्ही. या दिवसांत जे गेले त्यांत पेढीचे मालक होते, दलाल होते, हमाल होते, फेरीवाले होते, सर्व धर्मांचे होते. बाजारावर घातलेला घाव कोणा एका जमातीवर पडत नाही, तो रोजीवर पडतो. तरी प्रत्येक वेळी काही दिवसांत दुकाने उघडली.

वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्स ही संस्था १९८४ साली स्थापन झाली, परंतु प्रत्यक्ष इमारती सुरू व्हायला ऑक्टोबर २०१० उजाडले. वीस एकर जागा, नऊ इमारती, सुमारे अडीच हजार कार्यालये. आतच जकात खात्याची कचेरी, बँका आणि तिजोऱ्या. आरंभी पुष्कळ व्यापारी जुनी जागा सोडायला तयार नव्हते. २०११ च्या स्फोटानंतर मात्र स्थलांतर वेगाने झाले. १७ डिसेंबर २०२३ रोजी सुरतेत याहून मोठ्या, सुमारे साडेचार हजार कार्यालयांच्या बोर्सचे उद्घाटन झाले. तरीही मुंबईच्या पेढ्या लगेच उठून गेल्या नाहीत. इमारत पैशाने उभी राहते, बाजार मात्र ओळखीने उभा राहतो, आणि ओळख एका दिवसात हलवता येत नाही.

सौदा कसा होतो?

आता मुख्य विषयाकडे येऊ.

हिरा कागदाच्या खास घडी घातलेल्या पुडीत ठेवतात. पुडीवर वजन आणि नगांची संख्या लिहितात. वजन कॅरटमध्ये. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि कॅरटचे शंभर सेंट. पारख चार गोष्टींवर होते : वजन, रंग, स्वच्छता आणि पैलूंची घडण. जुने लोक रंग आणि तेज यांना मिळून ‘पाणी’ म्हणत.

विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये दलाल असतो. त्याचा स्वतःचा माल नसतो, गुंतवणूक नसते. त्याची पुंजी म्हणजे अब्रू. तो पुडी घेऊन निघतो. घेणारा आयग्लास लावून, चिमट्याने एक-एक खडा उचलून पाहतो आणि भाव सांगतो. भाव मान्य करण्याचा अधिकार दलालाला नसेल तर पुडी पाकिटात बंद करतात, त्यावर देऊ केलेला भाव आणि मुदत लिहून सही करतात, आणि दलाल ते पाकीट मालकाकडे नेतो. जबाब येईपर्यंत तो माल दुसऱ्याला दाखवायचा नाही. अँटवर्प, न्यूयॉर्क, तेल अवीव आणि मुंबई, सर्वत्र ही रीत थोड्याफार फरकाने आहे. दुसऱ्याच्या बोलण्यावर आपले बोलणे टाकू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तेथे ती बाजाराचा कायदा म्हणून पाळली जाते.

सौदा पक्का झाला की जगभरचे हिरेवाले ‘मझल’ असा इब्री शब्द उच्चारतात, अर्थ ‘नशीब उघडो’. जैन, यहुदी, मुसलमान, ख्रिस्ती कोणीही असो, तो शब्द निघाल्यावर भाव मागे घ्यायचा नाही. कागद नंतर होतो, सौदा आधीच झालेला असतो.

जुन्या काळी भाव तोंडाने बोलतच नसत. तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात अनेकदा हिंदुस्थानात आला. त्याने खाणीवरचे सौदे लिहून ठेवले आहेत. दोघे समोरासमोर बसत आणि कापडाखाली हात धरत. पूर्ण पंजा दाबला तर हजार, एक बोट धरले तर शंभर, बोटाचे मधले पेर म्हणजे पन्नास, टोक म्हणजे दहा. शेजारी दहा माणसे बसलेली असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. हातरुमालाखालचा हा सौदा आपल्याकडील गुरांच्या बाजारातही जुन्या लोकांनी पाहिला आहे.

त्यानेच आणखी एक मौजेची हकीकत लिहिली आहे. खाणीजवळच्या गावात व्यापाऱ्यांची दहा ते सोळा वर्षांची मुले सकाळी एका झाडाखाली येऊन बसत. प्रत्येकाच्या कमरेला एका बाजूला वजनांची पिशवी, दुसऱ्या बाजूला सोन्याच्या होनांची थैली. कोणी हिरा विकायला आणला की तो सर्वांत मोठ्या मुलाच्या हाती जाई, मग एकाही शब्दाशिवाय हातोहात फिरून पुन्हा त्याच्याकडे येई. भाव तो ठरवी. महाग घेतला तर तोटा त्याचा एकट्याचा. संध्याकाळी सर्व माल एकत्र करून प्रतवारी लावीत आणि मोठ्या व्यापाऱ्यांना विकीत. नफा सर्वांत सारखा वाटत, म्होरक्याला थोडा अधिक. आपण मुलाला दुकानात बसवतो तेव्हा फक्त गल्ल्यावर लक्ष ठेवायला सांगतो. या लोकांनी मुलांच्या हाती जोखीम दिली, पण ती मापून दिली.

पारख नसेल तर काय होते, हे रत्नागिरीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ मध्ये नजरकैदेत येथे आणला गेला आणि १९१६ मध्ये येथेच वारला. माणकांच्या देशाचा हा राजा. खर्च भागेना तेव्हा त्याच्या घराण्याला जवळची रत्ने विकावी लागली. भाव ठरवणारे दुसरे होते, आणि गरज याची होती. गरजवंताला भाव नसतो, मग तो राजा का असेना.

जांगड : विश्वासाचा कागद

हिऱ्याच्या पेठेची सर्वांत शिकण्यासारखी चीज म्हणजे जांगड. जांगड म्हणजे पसंतीवर दिलेला माल. दलालाला किंवा व्यापाऱ्याला माल दाखवण्यासाठी देतात. पसंत पडला तर बिल होते, नाही तर माल जसाच्या तसा परत. यात विक्री झालेली नसते. मालकी देणाऱ्याचीच राहते आणि घेणाऱ्याकडे तो माल अमानत असतो. त्याला तो गहाण टाकता येत नाही, परस्पर विकता येत नाही.

मात्र हे सगळे तोंडी नसते. जांगड चिठ्ठी असते. तिच्यावर तारीख, मालाचे वजन, नग, भाव, परतीची मुदत, मालकी कोणाची हे, आणि घेणाऱ्याची सही. लाखाची पुडी विश्वासावर जाते असे आपण ऐकतो, ते अर्धे खरे आहे. विश्वास आहे, आणि शिवाय चिठ्ठीही आहे.

याचे महत्त्व मला माझ्याच धंद्यात, उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी लग्नसराईच्या तोंडावर एका ओळखीच्या दुकानदाराला मी साड्यांचे दोन गठ्ठे पसंतीवर दिले. खपतील तेवढ्या ठेवा, बाकी परत करा, असे तोंडी बोलणे. चिठ्ठी केली नाही, कारण मागायची शरम वाटली. हंगाम गेला, पाऊस लागला, तेव्हा उरलेला माल परत आला. निम्म्या साड्यांच्या घड्या मोडलेल्या, काहींना ओल लागलेली. खपलेल्या किती यावर आमच्या दोघांच्या आकड्यांत मेळ बसेना. ते गृहस्थ बेइमान होते असे मी आजही म्हणत नाही. त्यांनी आपल्या आठवणीने हिशेब केला, मी माझ्या. पैसे तर गेलेच, वीस वर्षांची ये-जा थांबली. एका चार ओळींच्या कागदाने दोन्ही वाचले असते.

कायद्यातही याला आधार आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम २४ पसंतीवर दिलेल्या मालाविषयी आहे. घेणाऱ्याने पसंती कळवली, किंवा माल आपलाच असल्यासारखा वापरला, किंवा ठरलेली मुदत उलटून गेली तरी नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर विक्री पुरी झाली असे धरतात. मुदत ठरलीच नसेल तर ‘वाजवी वेळ’ पाहतात, आणि वाजवी वेळ किती, यावर वाद होतो. म्हणून चिठ्ठीवर मुदत लिहिणे हे दोघांच्याही हिताचे.

व्यवहार लिहून ठेवा, ही आपल्याला नवी गोष्ट नाही. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. आपण ती पढतो, पण दुकानात मात्र लिहायला लाजतो. लिहून मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. आठवण कच्ची असते, म्हणून लिहायचे.

तंटा आणि पत

कितीही काळजी घेतली तरी तंटा होतोच. हिरेवाले शक्यतो कोर्टात जात नाहीत. बोर्सच्या पंचांपुढे जातात. पंच त्याच धंद्यातले असल्यामुळे त्यांना खडा दाखवला की समजते. जगातील हिरे बोर्सांचा महासंघ १९४७ साली स्थापन झाला. एका ठिकाणी निकाल न पाळणाऱ्याचे नाव इतर बोर्सांनाही कळवले जाते. म्हणजे मुंबईत शब्द मोडला तर अँटवर्पमध्येही दार बंद. शिक्षा दंडाची नाही, पत जाण्याची आहे, आणि तीच मोठी.

परंतु चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नात्यावर आणि शब्दावर चालणाऱ्या बाजारात वाईट माणूस शिरला तर नुकसानही तेवढेच मोठे होते. २०१८ मध्ये या धंद्यातील एक प्रचंड बँक घोटाळा उघडकीस आला. त्यानंतर बँकांनी हात आखडला आणि ज्यांचा काही दोष नव्हता अशा लहान निर्यातदारांनाही कर्ज मिळणे कठीण झाले. एकाने पत बुडवली तर हप्ता सर्वांना भरावा लागतो.

गल्लीतले कारागीर

पेढीचा झगमगाट सर्व पाहतात. त्यामागच्या अंधाऱ्या जिन्यांकडे कोणी पाहत नाही. झवेरी बाजारातील जुन्या इमारतींच्या माळ्यांवर हजारो कारागीर बसतात. त्यांत बंगालमधून आलेले कारागीर फार मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांत मुसलमानही पुष्कळ. एका खोलीत आठ-दहा जण काम करतात, तेथेच जेवतात, तेथेच झोपतात. सोने गाळण्याचा धूर, तेजाबाचा वास, डोळ्यांवर ताण. २०२० च्या टाळेबंदीत यांतील कित्येकांना काम आणि निवारा एकाच दिवशी गमवावा लागला, कारण दोन्ही एकाच खोलीत होते.

त्याच गल्लीत न्यारिये आहेत. कारखान्यांतील केर, गटारातील गाळ, जुन्या फळ्यांची धूळ ते विकत घेतात आणि धुऊन, गाळून त्यातून सोन्याचे कण काढतात. ज्या बाजारात धुळीलाही भाव आहे, तेथे कारागिराच्या हाताला किती भाव हवा? पण तो तसा मिळत नाही. कारण माल त्याचा नाही, गिऱ्हाईक त्याचे नाही आणि पुष्कळदा त्याच्याकडे कामाची नोंदही नाही. हुन्नर हातात असून मालकी नसेल तर मजुरी दुसरा ठरवतो, ही गोष्ट आमच्या शिवणकामाच्या, भरतकामाच्या आणि लाकूडकामाच्या भावांनाही लागू आहे.

मोत्यांचा धडा

शेवटी आजच्या संकटाविषयी. ते समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागेल.

एकेकाळी मुंबई ही खाडी देशांच्या मोत्यांची मोठी पेठ होती. कुवेत, बहरैनचे व्यापारी हंगाम संपला की मोती घेऊन येथे येत, महिनोन् महिने राहत, येथेच भाव होत आणि येथून माल पॅरिसला जाई. जेद्दाचे मुहम्मद अली जैनल अलीरजा हे त्यांतील नामवंत. मोत्यांच्या कमाईतून त्यांनी १९०५ मध्ये जेद्दात मदरसा अल-फलाह काढला, नंतर मक्केत आणि मुंबईतही.

मग जपानच्या मिकिमोतो यांनी शिंपल्यात मोती पिकवण्याची रीत यशस्वी केली. १८९३ मध्ये त्यांना पहिले अर्धगोल मोती मिळाले, आणि १९२० च्या दशकात पिकवलेले गोल मोती जगाच्या बाजारात आले. व्यापाऱ्यांनी आधी हसून सोडले, मग नकली म्हणून हिणवले. परंतु गिऱ्हाइकाला ते मोतीच दिसत होते, आणि भाव थोडका होता. त्यात १९२९ ची जागतिक मंदी आली. काही वर्षांत खाडीतील मोत्यांचा धंदा बसला. बुडी मारणारे, होड्या बांधणारे, कर्जाऊ रक्कम देणारे सर्व रस्त्यावर आले. पुढे तेल निघाले म्हणून ते देश सावरले. प्रत्येकाच्या अंगणात तेल निघत नाही.

आज तीच गोष्ट हिऱ्यात घडत आहे. यंत्रात वाढवलेला हिरा नकली नाही. तोही कार्बनच, तेवढाच कठीण, तेच पैलू. नुसत्या डोळ्यांनी तर सोडाच, साध्या तपासणी यंत्रानेही फरक कळत नाही, खास प्रयोगशाळा लागते. २०१८ मध्ये खुद्द डी बीअर्सने असे हिरे कॅरटला ८०० डॉलर भावाने बाजारात आणले, आणि भाव इतके घसरले की २०२५ मध्ये तो विभाग बंद करण्याचे ठरवले. २०२३ च्या अंदाजपत्रकात भारत सरकारने या हिऱ्यांच्या संशोधनासाठी मद्रासच्या आय. आय. टी. ला अनुदान दिले. सुरतेत त्यांची यंत्रे मोठ्या प्रमाणात बसली. एकीकडे नवे काम मिळाले, दुसरीकडे खाणीच्या हिऱ्याचा भाव उतरला. त्यात रशियन हिऱ्यांवर २०२४ पासून पाश्चात्त्य देशांची बंदी, आणि २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर लावलेले ५० टक्क्यांपर्यंतचे आयात शुल्क. याचा मार पेढीच्या आधी कारागिराला बसतो. सुरतेत कारखान्यांच्या सुट्ट्या लांबल्या, कामाचे तास कमी झाले, घरी बसण्याची वेळ आली.

यात आपण काय घ्यावे? नवा माल आला की त्याला शिव्या देऊन तो थांबत नाही. आमच्या धंद्यात यंत्रमागाने हातमागाचे, आणि कृत्रिम धाग्याने सुताचे हेच केले. जे टिकले ते दोन प्रकारचे. ज्यांनी नवा माल नव्याच नावाने, उघडपणे विकला ते. आणि ज्यांनी जुन्या मालाची खरी ओळख गिऱ्हाइकाला पटवून दिली ते. एकाच्या नावावर दुसरे विकणारे मात्र दोन्हीकडून गेले.

थोडक्यात

१. माल पसंतीवर द्या, पण चिठ्ठीशिवाय देऊ नका. चिठ्ठीवर नग, भाव, मुदत आणि सही असावी. घेणाऱ्यानेही ती मागून घ्यावी.

२. दुसऱ्याचा सौदा चालू असेल तोवर मध्ये पडू नका. आज आपण पडलो तर उद्या आपल्या सौद्यात कोणी पडेल.

३. मुलाला धंद्यात घालताना लहानशी रक्कम त्याच्या जबाबदारीवर द्या. नफा-तोटा त्याला लागू द्या.

४. मोठ्यांनी सोडलेला माल कमी लेखू नका. पालनपूरच्या लोकांनी त्यावरच जग जिंकले.

५. आपल्या बाजारपेठेत धंद्यातलेच तीन-चार समंजस पंच असू द्या. त्यांत सर्व समाजांचे लोक असावेत.

६. जो माल आहे तोच सांगा. सुती आहे की मिश्र, खाणीचा की यंत्राचा, हे गिऱ्हाइकाने विचारण्याआधी सांगा.

७. कारागिराच्या कामाची नोंद ठेवा आणि त्याची मजुरी वेळेवर द्या.

पुढच्या खेपेस मुंबईला जाल तेव्हा मूळजी जेठातले काम आटोपल्यावर अर्धा तास काढा. जामा मशिदीत नमाज अदा करून झवेरी बाजाराच्या गल्लीतून सावकाश चाला. घेण्यासाठी नव्हे, बघण्यासाठी. दोन माणसे डोके जवळ आणून एका कागदाच्या पुडीकडे पाहत असतील. त्यांच्यातला एक ती पुडी दुसऱ्याच्या हातावर ठेवून, चिठ्ठी खिशात घालून, मागे वळून न पाहता निघून जाईल. तसे निघून जाता यावे, एवढी पत आपल्या गावच्या बाजारात आपण उभी करू शकलो, तर रत्नागिरी हे नाव सार्थ होईल.